कोलंबो की पोर्ट लुई?

घोडपदेव, मुंबई

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

नेमणूक श्रीलंकेत कोलंबोची घेऊ की मॉरिशसमध्ये पोर्ट लुईची, असं तू विचारलंस. फोनवर नीट बोलणं झालं नाही. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सवडीने लिहितोय.

मॉरिशसचं दरडोई उत्पन्न श्रीलंकेच्या अडीच पटींहून जास्त आहे, हे तू पाहिलंच असशील. तेवढ्यावर ठरवू नकोस. आयुष्य श्रीलंकेतल्या माणसाला जास्त मिळतं. मॉरिशसमध्ये मधुमेहाने घरोघरी ठाण मांडलंय, साधारण पाच प्रौढांमागे एकाला तो आहे. श्रीलंकेने 1945 पासून शिक्षण मोफत केलं, दवाखाने खेड्यापाड्यांत नेले. बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांचं प्रमाण तिथे आपल्या निम्म्याहूनही कमी आहे. अशा देशावर 2022 मध्ये पेट्रोलच्या रांगा आणि औषधांचा तुटवडा सोसायची वेळ आली, याचं मला फार वाईट वाटलं.

पण गिरणी कामगाराच्या घरात वाढलेला माणूस आणखी एक गोष्ट विचारणारच. राबायला बाहेरून आणलेल्या माणसाला त्या देशाने पुढे कसं वागवलं?

दोन्ही बेटं इंग्रजांच्या ताब्यातली, दोन्हीकडे मळे आणि मळ्यांवर हिंदुस्थानातून नेलेले मजूर. श्रीलंकेच्या डोंगरांवर चहा पिकवला तो तामिळ मजुरांनी. देश 1948 मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी केलेल्या नागरिकत्वाच्या कायद्याने त्यांच्यातल्या बहुतेकांना कुठलाच देश उरला नाही. पुढे 1964 मध्ये आपले पंतप्रधान शास्त्रीजी आणि तिथल्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला. 5,25,000 माणसं भारताने घ्यायची, 3,00,000 श्रीलंकेने ठेवायची, उरलेल्यांचं नंतर बघू. जन्मभूमीचा असा हिशोब! शेवटच्या लोकांना नागरिकत्व मिळायला 2003 साल उजाडलं. मळ्यांतली कितीतरी कुटुंबं अजूनही इंग्रजांच्या काळातल्या लाइनच्या खोल्यांत राहतात, दहा बाय बाराच्या. ती खोली काय असते हे तुला घोडपदेवात सांगायला नको.

मॉरिशसला 1834 पासून करारावर मजूर नेले. बहुतेक बिहारकडचे, पण जहाजं मुंबई बंदरातूनही सुटत आणि त्यांतून आपली रत्नागिरीकडची माणसंही गेली. उसाच्या मळ्यांत हाल त्यांचेही झाले. तिथे मात्र 1948 मध्ये मताधिकार वाढला, 1959 मध्ये तो सगळ्या प्रौढांना मिळाला. 1968 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा पंतप्रधान होते शिवसागर रामगुलाम, बिहारहून आलेल्या मजुराचे चिरंजीव. वर्गणी न भरता मिळणारं म्हातारपणाचं पेन्शन, मोफत शाळा, मोफत दवाखाने हे सगळं त्या मताधिकारामुळे मळ्यातल्या माणसाच्या दारात आलं, असं माझं ठाम मत आहे. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवतात.

केवळ साखरेवर भागणार नाही हे ओळखून त्यांनी 1970 मध्ये निर्यातीच्या कारखान्यांसाठी कायदा केला. ऐंशीच्या दशकात तिथे कपड्यांचे कारखाने निघाले आणि कितीतरी बायका पहिल्यांदाच स्वतःचा पगार घरी नेऊ लागल्या. त्याच दशकात इथे मुंबईत, 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर, गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबत गेले. तुझे आजोबा त्यातच घरी बसले. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आले, कामगारांची मुलं कल्याण-विरारला गेली. शहराचं उत्पन्न वाढलं म्हणजे ते उभं करणाऱ्याचं आयुष्य सुधारतंच असं नाही, हे आपल्या घराने पाहिलंय.

मॉरिशसला मी डोक्यावर घेत नाहीये. गुलामांचे वंशज असलेले क्रिओल लोक तिथे मागेच राहिले, 1999 मध्ये त्यांचा संताप रस्त्यावर आला. आता कपड्यांच्या कारखान्यांत बांगलादेशी मजूर राबतात आणि वसतिगृहांत दाटीवाटीने राहतात. काल ज्यांचे पणजोबा मजूर होते, त्यांच्यातले काही आज मालक झालेत.

तरी माझा कौल पोर्ट लुईला. गेलीस की समुद्रकिनाऱ्यांचे फोटो सावकाश पाठव. आधी त्या बांगलादेशी पोरांना भेट, त्यांना पगार वेळेवर मिळतो का, आजारी पडले तर दवाखाना मिळतो का, ते विचार आणि मला कळव.

तुझा,
मामा