गाडी बघायचा कार्यक्रम

जुनी बोलेरो घेणं मुलगी पाहण्यापेक्षा अवघड. आमच्या पुसेगावात तर गाडी पाहायला अख्खा पार लोटला. एजंट म्हणाला, "डॉक्टरची गाडी, साहेब!" (जुनी गाडी नेहमी डॉक्टरचीच; मग काळीपिवळीवाले कुठं विकतात?) मीटरवर साठ हजार, क्लचच्या पेडलचं रबर मात्र पार गुळगुळीत. मिस्त्रीनं चालू इंजिनचं ऑइलचं झाकण काढलं. भसाभसा धूर! "रिंगा गेल्या."

दुसरीला धूर नव्हता. नंबर एमएच ३८, म्हणजे १९९९ साली परभणीतून वेगळ्या निघालेल्या आपल्या हिंगोलीचाच. घराण्याची चौकशी सोपी. साऱ्यांनी माना डोलावल्या. एवढ्यात गुडघे धरत आई पुढं आली. गाडी मुळात तिच्याच दवाखान्याच्या वाऱ्यांसाठी! तिचा पाय काही वर पोचेना.

"गाडी चांगली हाय," ती म्हणाली, "शिडी कुठंय?"

खाली आणखी एक पायरी वेल्डिंग करून द्यायची, या बोलीवर इसार दिला.