वाढलेलं ऑइल

गाडी ऑइल खाते, ही तक्रार कुठल्याही मिस्त्रीला नवी नाही. निळा धूर, झिजलेल्या रिंगा, अधूनमधून वरून ओतलेलं ऑइल. या दुखण्याचा खर्चही लोकांना साधारण ठाऊक असतो. पण पट्टी ओढावी आणि ऑइल वर चढलेलं दिसावं, हे गाऱ्हाणं घेऊन कोण जातं? घटलं नाही ना, मग चाललंय ते बरंच चाललंय.

सुलतानपूरच्या मिस्त्रीनं मात्र आमच्या प्रीमियर पद्मिनीची पट्टी पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "भाऊ, वाढलं हेच तं बिघडलं." विडी त्यानं आधीच लांब ठेवली होती. ऑइलचा थेंब बोटांत चोळून नाकाशी नेला, मग एक थेंब वर्तमानपत्रावर सोडला. मधे काळा ठिपका राहिला आणि भोवती फिकट ओल पसरत गेली. ऑइलमध्ये पेट्रोल उतरलं होतं. याची खात्री करायला पट्टीला काडी लावून बघणारेही आहेत. त्यांच्याविषयी तो जे बोलला ते छापता येणार नाही.

वास पेट्रोल आहे एवढंच सांगतो, ते कुठून आलं ते सांगत नाही. कार्बोरेटरची नीडल बसत नसेल, चोक अडकला असेल, एखादा प्लग मिसिंग मारत असेल. मिस्त्रीचा संशय एसी पंपावर, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचा पंप इंजिनलाच बसवलेला असतो. त्यातला रबरी पडदा इंजिनच्या दर दोन फेऱ्यांना एकदा हलतो. एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला ऑइलचं चेंबर. पंप खोलला तर पडद्याला केसाएवढी चीर. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं आणि हे रबर त्या काळात त्यासाठी घडवलेलंच नव्हतं.

खरी फसगत पुढेच आहे. लांब पल्ल्याला ऑइल तापतं, पेट्रोल उडून जातं, पातळी खाली येते आणि मालक निर्धास्त होतो. सुलतानपूर ते लोणार अशा छोट्या फेऱ्यांत ते साचत राहतं. पातळ ऑइलचा थर तुटला की बेअरिंगमध्ये धातूवर धातू घासतो.

लोणारच्या सरोवराचं तरी वेगळं काय? जून २०२० मध्ये पाणी घटलं, खारेपणा वाढला, तळं गुलाबी झालं आणि देशभर बातमी झाली. त्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. गोडं पाणी भरत गेलं की खारेपणा पातळ होतो, आणि तिथले सूक्ष्मजीव तर त्याच खाऱ्या पाण्यावर जगणारे. पण काठावरचा पाहुणा म्हणतो, यंदा तळं छान भरलंय! घट मोजायची सवय आपल्याला घरातूनच लागते. वाढीचा हिशेब मागणारा माणूस खवचट ठरतो.

नवा पडदा बसला, ऑइल आणि फिल्टर बदलले. शेजारचा एक जण लाकडांना वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल न्यायला डबा घेऊन आला. मिस्त्रीनं डबा परत दिला. "याच्यात पेट्रोल हाय, गोठ्यात नेऊ नको. परवा ट्रॅक्टरचं निघन, ते ने."