रंगाचा उतार

संगणकावर चित्रे काढणारी मंडळी ज्याला 'ग्रेडियंट' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळीत होता. मराठीच्या प्राध्यापकाला दुसरे काय छळणार! 'रंगसंक्रमण' हा शब्द मी घरात उच्चारून पाहिला, तेव्हा माझी मुलगी अशी काही हसली, की तो मी तत्काळ मागे घेतला. शेवटी मी 'रंगाचा उतार' म्हणू लागलो. एका टोकाचा रंग हळूहळू उतरत दुसऱ्या टोकाच्या रंगाला जाऊन मिळतो. याहून वेगळे त्यात काय आहे?

हे शिक्षण मला मुलीनेच दिले. २००३ साली निघालेले 'इंकस्केप' नावाचे एक सॉफ्टवेअर आहे. ते कोणालाही फुकट मिळते. त्यात एक चौकोन काढायचा, माउसने त्यावर एक रेघ ओढायची आणि रेघेच्या दोन टोकांना दोन रंग द्यायचे. मधल्या छटा यंत्र आपण होऊन भरते. उतार सरळ ठेवला तर आकाश होते. वर्तुळाकार घेतला तर मधोमध उजळ आणि कडेला विरत जाणारी पणतीची प्रभा होते. आणि गंमत अशी, की यंत्र या छटा रंगवून ठेवीतच नाही. 'येथे निळा, तेथे पिवळा' एवढेच ते लक्षात ठेवते. म्हणून तेच चित्र पोस्टकार्डाएवढे छापा की भिंतीएवढे. त्याच्या कडा फुटत नाहीत.

आमचे नाना जन्मभर शाळेत चित्रकला शिकवीत होते. जलरंगात आकाश रंगवण्याची त्यांची रीत मी लहानपणी श्वास रोखून पाहिली आहे. कागद ओला करायचा, बोर्ड किंचित कलता धरायचा आणि भरलेला ब्रश वरून खाली, पट्ट्यामागून पट्टा, नेत जायचा. कागद सुकायच्या आत तळ गाठायचा. मध्येच मागे फिरून हात लावलात, की डाग पडलाच! चार वर्षांपूर्वी नानांचा हात कापू लागला. त्यांनी ब्रश धुतले, पुसले, डब्यात घातले आणि डबा कपाटावर ठेवून दिला. पुढे त्यांच्या तोंडून रंगाविषयी अवाक्षर निघाले नाही, आणि आम्हीही कोणी तो विषय काढला नाही.

एका रात्री मी कॉलेजच्या वार्षिकांकाचे मुखपृष्ठ करीत बसलो होतो. वर निळा, खाली पिवळा. नाना केव्हा मागे येऊन उभे राहिले, कळलेच नाही.

"अरे, हे मध्ये काय? चूल पेटवलीस की काय?"

खरोखरच मध्यभागी धुरकट पट्टा होता. मी त्यांना हिशेब समजावून सांगितला. पडद्यावरचा प्रत्येक रंग म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांचे तीन आकडे, शून्यापासून २५५ पर्यंत. शुद्ध निळ्यात फक्त निळा २५५. पिवळ्यात लाल आणि हिरवा २५५, निळा शून्य. दोहोंचा मध्य काढला, की तिन्ही आकडे सारखे होतात. आणि तिन्ही सारखे, म्हणजे राखाडी! कागदावर निळ्यात पिवळा मिसळला तर हिरवा होईल. येथे राख होते.

"हिशेब बरोबर आहे," नाना म्हणाले, "आकाश चुकलंय. मध्ये गुलाबट घाल. गुलाबी नको, गुलाबट. आणि जरा खाली, पिवळ्याच्या अंगाला."

हिरवट, हिरवा, हिरवागार ही चढण आपल्या भाषेला ठाऊक आहे. यंत्राला नुसते आकडे ठाऊक. त्याला गुलाबट सांगायचा तर रेघेवर दोनदा टिचकी मारून तिसरा थांबा घालावा लागतो. मी थोडा वेळ घुटमळलो, मग खुर्ची सोडली आणि माउस नानांच्या हाती दिला.

हात कापत होता. पडद्यावरचा बाणही कापू लागला. थांबा भलतीकडेच पडला. नानांनी हात मागे घेतला.

"नाना, उचला तो आणि सरकवा. इथे रंग सुकत नाही."

त्यांनी तो सरकवला. पुन्हा सरकवला. पाऊण तास ते त्या एका ठिपक्याशी झटत होते. पट्टा जाऊन तेथे आमच्या गावच्या नदीकाठची संध्याकाळ उतरली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "उद्या तो पणतीचा गोल कसा करतात, ते दाखव."

'उतार' हा शब्द पाहा. तापाला उतार पडतो, तेव्हा घर निर्धास्त झोपते. नदीला उतार मिळतो, तेव्हा माणूस पलीकडे जातो. फक्त वयापाशी आला, की हाच शब्द आपण खालच्या आवाजात बोलतो. मला वाटते, दोष उताराचा नसावा. दोन टोके ठरवून मधले सगळे नुसत्या हिशेबावर सोडले, की राखाडीच पदरी पडायची. मध्ये एखादा थांबा घालावा लागतो. आणि तो नेमका कुठे, हे ज्याचा उतार त्यालाच विचारावे.