बहात्तर रन आणि लोडशेडिंग

मंडळी, सर्किट सिम्युलेशन म्हटलं की लोकांना फार भारी प्रकरण वाटतं. तसं काही नाही. सर्किटमध्ये कुठला पार्ट कुठे जोडलाय आणि त्याची व्हॅल्यू किती, हे एका साध्या टेक्स्ट फाइलीत लिहायचं (तिला नेटलिस्ट म्हणतात), प्रोग्रॅमला द्यायचं आणि कुठे किती व्होल्ट येतात ते बघायचं. अशा प्रोग्रॅमांचा मूळपुरुष म्हणजे १९७३ साली बर्कलीला जन्मलेला स्पाइस. आज फुकट मिळणारा एनजीस्पाइस त्याच्याच वंशातला, आणि आपल्या पवईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाचं ईसिमही आतून एनजीस्पाइसच वापरतं.

कटकट पुढे असते. एक रन म्हणजे काहीच नाही!

२००७ सालची गोष्ट. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीसाठी मी सोसायट्यांच्या पाण्याच्या टाकीचा पंप कंट्रोलर तपासत होतो. आत एटीमेगा८ चिप, आणि तिला ५ व्होल्ट द्यायला एलएम३१७ रेग्युलेटर, २४० आणि ७५० ओहमच्या दोन रेझिस्टरांसकट. कागदावर उत्तर येतं साधारण ५.२ व्होल्ट. चिपला ४.५ ते ५.५ चालतात. म्हणजे झालं की काम!

पण बाजारातला ५ टक्केवाला रेझिस्टर २४० चा २२८ ही असू शकतो आणि २५२ ही. एलएम३१७ च्या आतलं १.२५ व्होल्टचं रेफरन्ससुद्धा १.२ ते १.३ मध्ये कुठेही असू शकतं. तीन गोष्टी, प्रत्येकीची दोन टोकं, म्हणजे ८ शक्यता. त्यात तीन तापमानं (गच्चीवरच्या बंद डब्यात उन्हाळ्यात काय होतं, विचारू नका) आणि तीन इनपुट व्होल्टेजं. झाले ७२ रन. हे माउसने कोण करणार, आणि केले तरी कुठला आकडा कुठल्या रनचा हे कोण लक्षात ठेवणार?

म्हणून पर्लमध्ये चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. नेटलिस्टचा एक साचा, त्यात आकड्यांच्या जागी खुणा. स्क्रिप्ट खुणांच्या जागी आकडे घालते, एनजीस्पाइस बॅच मोडमध्ये चालवते, म्हणजे खिडकी उघडत नाही की बटण दाबावं लागत नाही. मग लॉगमधून व्होल्टेज उचलून तक्त्यात एक ओळ लिहिते: तारीख, सगळे इनपुट, उत्तर. रन अडकला तर 'उत्तर नाही' असं स्पष्ट लिहिते. रिकामी जागा सोडली की नंतर बघणाऱ्याला ते शून्य वाटतं.

आता डोंबिवलीची गंमत. तेव्हा मुंबई शहरात वीज असायची आणि आमच्याकडे लोडशेडिंग. एकेक रन मिनिट-दीड मिनिटाचा, सगळे मिळून दीडेक तास. आणि यूपीएस म्हणजे जेमतेम दहा मिनिटांचा सोबती. त्यामुळे स्क्रिप्टला दोन सवयी लावल्या. एक, निकाल आधी तात्पुरत्या नावाने लिहायचा आणि रन पूर्ण झाल्यावरच फाइलीला खरं नाव द्यायचं, म्हणजे अर्धवट फाइल पूर्ण असल्याचा आव आणत नाही. दोन, सुरुवातीला आधीचे निकाल बघायचे आणि झालेले रन वगळायचे. लाइट गेले, आले, स्क्रिप्ट पुन्हा सुरू, सदतिसाव्यापासून पुढे. लोडशेडिंग गेलं, सवयी राहिल्या.

निकाल काय आला? ४.६ पासून थेट ५.८ व्होल्टपर्यंत. म्हणजे काही कंट्रोलर चिपच्या मर्यादेबाहेर चालणार. तसा एखादा बिघडला तर टाकी रात्रभर वाहणार, नाहीतर सकाळी अख्खी सोसायटी बादल्या घेऊन उभी. खरेदी बघणारे काका म्हणाले, "अहो, इतकी वर्षं पाच टक्केच लावतोय. हा ५.८ काढला कुठून?" प्रश्न अगदी रास्त. मी तक्त्यातली ओळ दाखवली: पहिला २२८, दुसरा ७८७.५, रेफरन्स १.३. त्यांनी खिशातला कॅल्क्युलेटर काढून स्वतः गुणाकार केला आणि गप्प बसले. मग साच्यात ५ ऐवजी १ टक्का घालून पुन्हा ७२ रन. सगळे ५.५ च्या आत. एक टक्केवाले रेझिस्टर मंजूर झाले, जादा खर्च नगामागे काही पैसे.

माझ्या मते स्क्रिप्टचा खरा फायदा वेळ वाचण्यात नाही. नुसता '५.८' हा आकडा म्हणजे माझं मत. कुठून आला याची नोंद असलेला ५.८ कोणीही पडताळून बघू शकतो, आणि मग वाद माझ्याशी न राहता आकड्याशी होतो. सॉफ्टवेअरवाल्यांनी हार्डवेअरवाल्यांना द्यावी अशी ही एक चांगली सवय आहे.

तुम्हीही करून बघा. सोपं सर्किट घ्या, दोनच रेझिस्टर बदला, चारच रन करा. पण निकालाच्या प्रत्येक ओळीत त्याचे इनपुट लिहा. सहा महिन्यांनी तीच फाइल उघडाल तेव्हा स्वतःलाच थँक्यू म्हणाल!