खारी बावलीपासून गल्लीतल्या दुकानापर्यंत

दिल्ली पाहावयास आलेला पाहुणा लाल किल्ला, कुतुबमिनार आणि राजघाट पाहतो, जमल्यास आग्र्याची एक फेरी करतो आणि समाधानाने परतीची गाडी धरतो. या अफाट शहराची चूल कशाच्या बळावर पेटते, हे पाहण्याची इच्छा मात्र क्वचितच कोणी बोलून दाखवतो. वाचकहो, आपले कधी इकडे येणे झाले, तर एक सकाळ माझ्यासाठी राखून ठेवा. मी आपल्याला चांदणी चौकाच्या पश्चिम टोकाला, फतेहपुरी मशिदीच्या पलीकडे घेऊन जाईन. तेथे खारी बावली नावाचा रस्ता आहे.

‘खारी’ म्हणजे मचूळ पाण्याची आणि ‘बावली’ म्हणजे पायऱ्यांची विहीर. आपल्याकडे जिला बारव म्हणतात ती. बारव आता दिसत नाही, तिचे नाव तेवढे बाजाराला उरले आहे. बाजारात शिरताच नवख्या माणसाचे स्वागत होते ते शिंकांनी. लाल मिरचीच्या पोत्यांची येथे इतकी उलाढाल चालते, की हवाच तिखट झालेली असते. गुंटूरची मिरची, सांगलीची आणि इरोडची हळद, ऊंझ्याचे जिरे, इडुक्कीची वेलची. साऱ्या देशाचा माल येथे एका रस्त्यात शेजारी शेजारी मांडलेला दिसतो. पाठीवर पोते घेतलेले पल्लेदार गर्दीतून वाट काढीत धावत असतात आणि हातगाड्यांची रांग कधी तुटत नाही. लगतच्या नया बाजारात डाळी आणि तांदूळ यांचे घाऊक व्यापारी बसतात.

भाजीपाल्याचे ठिकाण निराळे. त्यासाठी उत्तरेला आझादपूरच्या मंडईत जावे लागते, आणि तेही पहाटेच्या अंधारात. सुमारे ८० एकरांच्या या बाजारात आग्र्याकडचा बटाटा, हिमाचलाचे सफरचंद आणि आपल्या नाशिकचा कांदा येऊन पडतो. हंगामात नागपूरच्या संत्र्यांचा वास आला, की माझ्यासारख्या परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाचे पाय तेथे आपोआप रेंगाळतात.

या दोन मोठ्या बाजारांतून निघालेला माल शेवटी येऊन थांबतो तो गल्लीतल्या दुकानात. अनुवादाच्या नोकरीनिमित्त मी दिल्लीस आले, त्याला आता बारा वर्षे होतील. आमचे बिऱ्हाड करोलबागेत आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लालाजींचे किराणा दुकान आहे. रुंदी जेमतेम दहा फूट. पण सुईपासून साबुदाण्यापर्यंत तेथे मिळत नाही असे काही नाही. महिन्याची यादी घेऊन येणारी माझ्यासारखी गिऱ्हाइके लालाजींकडे आहेत, तशीच दिवसाची मजुरी हाती पडल्यावर पावशेर डाळ आणि लहानशी तेलाची पिशवी नेणारीही आहेत. या दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांमध्ये केवढे अंतर असते, हे मला २०२० सालच्या मार्च महिन्यात कळले. ती हकीगत माझ्या कौतुकाची नाही, तरी सांगते.

करोनाच्या साथीची चाहूल मार्चच्या आरंभीच लागली होती. मुखपट्ट्या आणि हात निर्जंतुक करण्याचे द्रावण औषधांच्या दुकानांतून नाहीसे होऊ लागले, म्हणून १३ मार्चला सरकारने त्यांचा समावेश जीवनावश्यक वस्तूंत केला. रविवारी, २२ तारखेला, देशभर जनता कर्फ्यू पाळला गेला. सोमवारपासून दिल्ली बंद झाली. मंगळवारी, २४ मार्चला, रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी मध्यरात्रीपासून २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली.

किराणा, दूध, भाजी आणि औषधे यांची दुकाने चालू राहतील, असे त्या दिवशीच्या सरकारी आदेशात लिहिलेले होते. मी भाषांतराचा व्यवसाय करणारी. आदेशातला शब्द न् शब्द तपासून वाचण्याची मला सवय. तथापि त्या रात्री मी काहीही वाचले नाही. दोन मोठ्या पिशव्या घेतल्या आणि साडेआठ वाजता लालाजींच्या दुकानापुढे जाऊन उभी राहिले. सारी गल्ली तेथे लोटली होती. एकमेकांपासून दूर राहावे म्हणून ज्या घोषणेने सांगितले, तीच ऐकून आम्ही खांद्याला खांदा लावून उभे होतो!

माझी पाळी आली तेव्हा दहा-दहा किलो पिठाच्या दोनच पिशव्या उरल्या होत्या. मी दोन्ही मागितल्या. शिवाय पाच किलो तूरडाळ, चार किलो साखर आणि मिठाच्या सहा पुड्या. माझ्या मागे आमच्या कोपऱ्यावर इस्त्रीचे टेबल मांडणारी बाई उभी होती. तिला दोन किलो पीठ हवे होते. लालाजी तिला म्हणाले, “आटा तो खतम हो गया.” तिने माझ्या पिशव्यांकडे पाहिले. बोलली मात्र काही नाही. मीही काही बोलले नाही. मान खाली घालून घरी आले.

घरी सासूबाईंनी एकेक वस्तू बाहेर काढून ओट्यावर मांडली. मिठाशी येऊन त्या थांबल्या. “अगं, सहा पुड्या मीठ? आपण चार माणसं. गणपती येऊन जातील, तरी हे संपायचं नाही.” मला उत्तर सुचले नाही. मिठाचा तुटवडा पडण्याचे आपल्या देशात काही कारणच नाही. त्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक हिस्सा एकट्या गुजरातेत पिकतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये मीठ संपल्याची अफवा उठून याच दिल्लीत लोक वाटेल त्या किमतीला पुड्या विकत घेत होते, तेव्हा मी त्यांना हसले होते.

त्या रात्री झोप येईना, म्हणून मी एक हिशेब मांडून पाहिला. आपणही तो पडताळून पाहावा. समजा, एका दुकानावर १२० घरे अवलंबून आहेत आणि प्रत्येक घराला महिन्याला १० किलो पीठ लागते. दुकानाची विक्री महिन्याला १,२०० किलो, म्हणजे दिवसाला ४० किलो झाली. दुकानदार दहा दिवसांचा साठा, म्हणजे ४०० किलो, जवळ ठेवतो. आता एकाच रात्री ४० घरांनी आपापले महिन्याचे पीठ उचलले, तर दुकान रिकामे होते आणि ८० घरे हात हलवीत परततात. यात कोणीही एका महिन्याच्या गरजेपेक्षा अधिक नेलेले नाही. पुढच्या महिन्याचे आज नेले, एवढेच. मी तर दोन महिन्यांचे नेले होते. आणि रिकाम्या हाताने परतणारी ती ८० घरे बहुधा तीच असतात, ज्यांच्यापाशी महिन्याचा माल एकदम घेण्याइतके पैसे कधीच नसतात.

देशात धान्य नव्हते काय? मार्च २०२० मध्ये भारतीय अन्न महामंडळाच्या कोठारांत गहू आणि तांदूळ मिळून साडेपाच कोटी टनांहून अधिक धान्य होते. १ एप्रिलला हाती असावा असा ठरलेला साठा २ कोटी १० लाख टनांचा. म्हणजे त्याच्या अडीचपटीहून अधिक. अडचण कोठारात नव्हती, कोठारापासून दुकानापर्यंतच्या वाटेवर होती. पहिल्या काही दिवसांत राज्यांच्या सीमांवर मालमोटारी अडून पडल्या. मोटार सुटली, तर माल उतरवणारा हमाल गावी निघून गेलेला. अखेर २९ मार्चला केंद्र सरकारने कोणत्याही मालाची वाहतूक, तो आवश्यक असो वा नसो, अडवू नये असे राज्यांना कळवले, तेव्हा वाट हळूहळू मोकळी झाली. आझादपुरात एप्रिलमध्ये सकाळी भाजीची आणि दुपारनंतर फळांची विक्री, आणि गाळ्यांसाठी सम-विषम दिवस, असा क्रम लावण्यात आला. पुढे त्याच महिन्यात बाजार चोवीस तास खुला ठेवून गर्दी पांगवली गेली.

गरिबांसाठी २६ मार्चला केंद्राने योजना जाहीर केली. सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी ५ किलो गहू किंवा तांदूळ आणि कुटुंबाला १ किलो डाळ विनामूल्य मिळू लागली. ज्यांच्यापाशी रेशनकार्डच नव्हते, अशांना दिल्ली सरकारने तात्पुरती कूपने देऊन शाळांतून धान्य वाटले.

त्या दिवसांत घरून काम करताना माझे एका मल्याळी सहकारिणीशी रोज फोनवर बोलणे होई. तिचे आईवडील केरळात असतात. तिच्याकडून मला तिकडची रीत कळली. एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत तेथे रेशनकार्डाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे धान्य दिले गेले. पहिल्या दिवशी ० आणि १, दुसऱ्या दिवशी २ आणि ३, याप्रमाणे. दुकानापुढे एका वेळी पाचांहून अधिक माणसे नकोत, असाही नियम होता. “माझ्या वडिलांचा आकडा सात,” ती म्हणाली, “त्यामुळे ते चौथ्या दिवसापर्यंत घरीच निवांत होते.” निवांत हा तिचा शब्द माझ्या मनात राहिला. आपला आकडा केव्हा येणार हे ठाऊक असलेला मनुष्य धावत नाही. त्या मंगळवारी रात्री आमच्या गल्लीत कोणालाही आपला आकडा ठाऊक नव्हता, म्हणून जो तो पहिला होऊ पाहत होता.

सासूबाई वाईच्या. तरुणपणी त्यांनी दरसाल वर्षाचे धान्य भरले, पापड-कुरडया घातल्या, पोत्याने मिरची कांडली. मी त्यांना एकदा विचारले, “आई, तुम्हीसुद्धा वर्षाचा साठा करत होताच की! मग मी केले त्यात वावगे काय?” त्या म्हणाल्या, “आम्ही बेगमी करायचो ती सुगी झाल्यावर. बाजारात धान्याचे ढीग लागलेले असायचे तेव्हा घ्यायचो. सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर घेतलं, तर ती बेगमी. पंगतीत पहिल्यानं बसून सगळं आपल्या ताटात ओढलं, तर त्याला काय म्हणायचं, ते तूच बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिठाची एक पिशवी आणि मिठाच्या चार पुड्या घेऊन लालाजींकडे गेले. दुकानापुढे रस्त्यावर खडूने गोल काढले होते आणि प्रत्येक गोलात एकेक जण उभा होता. रात्रीची तीच माणसे, पण आता शांत. लालाजींनी काही न विचारता माल परत घेतला, पिशवी उघडली आणि दोन-दोन किलोंच्या पाच पुड्या बांधल्या. त्यांतली एक इस्त्रीवालीसाठी बाजूला ठेवा, असे मी सांगितले. ती आली नाही. कोपऱ्यावरचे टेबल ताडपत्रीखाली झाकलेले होते. त्या आठवड्यात हजारो कुटुंबे दिल्ली सोडून गावाकडे चालत निघाली. त्यांत तीही होती.

ती परत आली ती दिवाळीनंतर. आता पुन्हा तिचे टेबल मांडलेले असते आणि आमचे कपडे तिच्याकडेच जातात. त्या रात्रीचा विषय मी अनेकदा ओठांवर आणला आणि गिळला. तिला आठवत असेल की नाही, कोण जाणे. मला आठवते.

घरात आम्ही तेव्हापासून एक रीत पाडली आहे. फडताळाच्या दाराच्या आत एक कागद चिकटवलेला असतो. कोणत्या डब्यात किती आहे आणि ते किती दिवस पुरेल, हे सासूबाई दर रविवारी त्यावर मांडतात. पंधरा दिवसांचे घरात असले, की बाजारात कसलीही आवई उठो, पाय घाईने दाराकडे वळत नाहीत. आजारपण, पूर, संप यांसाठी एवढी बेगमी पुरेशी होते. पालेभाजी आधी, फळभाजी मागून आणि कडधान्य शेवटी, असा स्वयंपाकाचा क्रम ठेवला, तर वायाही काही जात नाही. आपल्या घरी हा कागद लावून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

तेव्हा वाचकहो, दिल्लीस याल तेव्हा खारी बावलीत मनसोक्त शिंका द्या, नया बाजारातल्या पोत्यांच्या थप्प्या पाहा; आणि मग आमच्याकडे चहाला चला. वाटेत लालाजींच्या दुकानात क्षणभर थांबावे लागेल. घरातली साखर संपत आली आहे, आणि हल्ली मी एकच किलो घेते.