भरतीच्या वेळी नेरूळला

पंचांग पाहण्याची सवय अद्याप सुटली नसेल, तर या फेरीसाठी ती उपयोगी पडेल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ स्थूलमानाने कळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. दशमीला म्हणजे साडेसातच्या सुमारास. भरतीने ठाणे खाडीतील चिखल झाकला जाऊ लागला, की रोहित पक्षी विश्रांतीसाठी लगतच्या पाणथळींकडे वळतात. सीवूड्स स्थानकावरून रिक्षाने डीपीएस तलावापाशी उतरावे. गुडघे कुरकुरत असतील तर घडीची खुर्ची, आणि तहान नसली तरी पाण्याची बाटली अवश्य घ्यावी. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते.

पाण्यावर गुलाबी रांग स्थिरावलेली पाहताना श्वास आपोआप संथ होतो. ही शांतता मात्र भरतीच्या पाण्यावर उभी आहे. 2024 च्या उन्हाळ्यात तलाव आटत गेला आणि काही पक्षी दगावले. शेजारच्या करावे-सारसोळेच्या आगरी-कोळी वृद्धांना यात नवल वाटणार नाही. ही खाडी त्यांचे स्वयंपाकघर होती; 1970 नंतर सिडकोचे शहर वसले ते अशाच पंचाण्णव गावांच्या जमिनींवर.

आता, थकला नसाल तर, नेरूळहून ठाण्याकडे जाणारी गाडी पकडा. जुईनगरनंतर तुर्भे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेस औद्योगिक वसाहत, ट्रकांची रीघ, आणि तिला खेटून पत्र्याच्या छपरांच्या वस्त्या. अकरा वाजताच पत्रा तापतो, आणि दाटीच्या खोलीतली धग रात्रीही सहजी ओसरत नाही. म्हाताऱ्या शरीराला घाम कमी येतो, उष्णता बाहेर पडत नाही, झोप मोडते. त्यात धुळीने दमा बळावतो. एकाच शहरात, दोन स्थानकांच्या अंतराने, म्हातारपण इतके वेगळे असावे हे मला पटत नाही. सावलीचे झाड आणि टेकायला बाक यांची गरज इथे अधिक, आणि नेमके तेच इथे विरळ.

तुम्हाला हात धरून फिरवायला येणाऱ्या मावशी कदाचित अशाच वस्तीतून येत असतील. त्यांच्या घरी म्हातारी आई असेल, तर तिला सकाळी मोकळ्या हवेत कोण नेते, हे एकदा विचारून पाहा. रिक्षात तिघे बसतात.