मोझेक

मोझेक म्हटले की आमच्या पिढीला आठवते ती घरातली फरशी. आमच्या दोन खोल्यांत अजून तीच आहे. पांढरी, तांबडी, काळी खडी सिमेंटात बसवून घासलेली. म्हणून गेल्या चैत्रात लेकीने दवाखान्यातून आल्या आल्या हा शब्द उच्चारला, तेव्हा मी आपला खाली बघू लागलो.

"फरशी नव्हे, बाबा. गर्भ मोझेक आहे."

लेक अडतीस वर्षांची. लग्नाला नऊ वर्षे झाली, पाळणा हलला नव्हता. १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी हर्षा जन्मली, तेव्हा आमचे नुकतेच लग्न झाले होते. वर्तमानपत्र मिटून मी सौभाग्यवतींना म्हणालो होतो, "आता नळीतसुद्धा मुलं होऊ लागली!" ती नळी आपल्याच घरी यायची आहे, हे कुणाला ठाऊक?

लेकीचे तीन गर्भ तयार झाले. पाचव्या दिवशी गर्भात शंभराच्या आसपास किंवा त्याहून अधिक पेशी असतात. बाहेरच्या थरातल्या पाचदहा काढून त्यांतली गुणसूत्रे तपासतात. दोन गर्भ साफ नापास झाले. तिसऱ्याच्या काही पेशी बिनचूक, तर काहींत एक गुणसूत्र जास्त. माझा उभा जन्म शाळेत पेपर तपासण्यात गेला. पास ठाऊक, नापास ठाऊक. हे मधले काय?

सौभाग्यवतींना निराळीच उत्सुकता. "अहो, मुलगा की मुलगी, तेवढं विचारा ना!" ते सांगायला कायद्याची बंदी आहे, असे जावईबापूंनी समजावले तेव्हा त्या हिरमुसल्या.

मी मात्र शहाणपणा केला. म्हणालो, "दोष आहे ना? मग सोडून द्या. दुसरा बघू." लेक काही न बोलता आत गेली. तिच्यापाशी दुसरा नव्हता, हे माझ्या ध्यानात यायला मध्यरात्र उलटावी लागली.

पुढच्या खेपेस डॉक्टरीणबाईंकडे मीही गेलो; प्रायश्चित्त म्हणा. बाई म्हणाल्या, "काढलेल्या पेशी ज्या थरातल्या, त्याची वार होते. बाळ होतं ते आतल्या पुंजक्याचं. तिथं काय आहे, हे यावरून नक्की सांगता येत नाही. २०१५ साली इटलीतल्या डॉक्टरांनी असे गर्भ १८ स्त्रियांच्या उदरी ठेवल्याचं प्रसिद्ध केलं; ६ निरोगी बाळं जन्मली. पण असा गर्भ रुजण्याचा संभव कमी, पडण्याची भीती अधिक. रुजलाच, तर पुढं गर्भजल तपासून घ्यावं."

घरी येऊन फरशीकडे पाहत बसलो. कोपऱ्यातले चार खडे उकरायचे आणि सगळ्या लादीचा रंग सांगायचा, तसलाच हा प्रकार! लेक शेजारी येऊन बसली.

"बाबा, मी ठेवून घेणार. नाही राहिला तर रडेन. पण अर्धा पेपर तपासून नापास नाही करणार."

मास्तराच्या मुलीपुढे मास्तर काय बोलणार?

ज्येष्ठात गर्भ ठेवला. तो रुजला. हा मजकूर लिहितो आहे, तेव्हा गर्भजलाचा अहवाल यायचा आहे. अंक आपल्या हाती पडेल तेव्हा तो आलेला असेल. काल सौभाग्यवती जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडत बसल्या होत्या. मी विचारले, "कुणासाठी हो?"

मान वर न करता त्या म्हणाल्या, "कुणासाठी नाही. तुकडे पडून होते."